सुट्टी संपताना स्वतःला विचारा: "मालक आला नाही तर?"



समजा, तुमची अंदमानची सहा दिवसांची सहल संपत आलीय. हॅवलॉक बेटावर राधानगरच्या किनाऱ्यावर बसलाय. (सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप, पण बोलण्यात अजून हॅवलॉकच आहे.) सकाळी बोट, मग पोर्ट ब्लेअर, मग विमान. अशा वेळी धंदेवाल्या माणसाच्या डोक्यात हमखास दोन विचार येतात.

पहिला : "झालं! उद्यापासून परत तेच. दुकान, उधारी, फोन."

दुसरा : "सोडून द्यावं सगळं. इथेच एक छोटा होमस्टे टाकावा. नारळपाणी विकलं तरी चालेल!"

दोन्ही विचार नैसर्गिक आहेत. पण दोन्ही तसेच घरी नेले, तर आठवडाभरात विरून जातात. आजच्या धड्यात आपण त्यांचा उपयोग करून घेणार आहोत. सुट्टी खराब करायची नाही. फक्त शेवटच्या दिवसातला एक तास द्यायचा.

आधी दुसरा विचार घेऊ : बेटावरचा धंदा खरंच सोपा आहे का?

पर्यटक म्हणून आपण तो धंदा फक्त हंगामात बघतो. टेबलं भरलेली, स्कूटर भाड्याने गेलेल्या, सगळे खुशीत. आता जरा मागच्या दाराने बघा.

हॅवलॉकला विमानतळ नाही. गिऱ्हाईक बोटीने येतं आणि मालही बोटीनेच येतो. तांदूळ, गॅस, रंगाचा डबा, पंख्याचा कंडेन्सर, बरंच काही चेन्नई किंवा कोलकात्याहून जहाजाने पोर्ट ब्लेअरला उतरतं आणि तिथून पुन्हा बोटीत चढतं. मुख्य भूमीवरून जहाजाला साधारण तीन दिवस लागतात. समुद्र खवळला की बोटी रद्द. त्यामुळे तिथला दुकानदार माल भरताना एकच प्रश्न विचारतो : "बोट आली नाही तर?"

या एका प्रश्नावर त्याचा सगळा धंदा उभा असतो. नीट बघा :

- साठा : आपल्याकडे माल संपला की होलसेलवाल्याला फोन करतो, संध्याकाळी टेम्पो दारात. तिथे तसं चालत नाही. जे संपून चालणारच नाही, ते आधीच जास्तीचं ठेवावं लागतं.
- हंगाम : मेच्या शेवटी पाऊस सुरू झाला की गर्दी ओसरते. हंगामात गल्ल्यात आलेला प्रत्येक रुपया त्या महिन्याचा नसतो. त्यातला काही पावसाळ्याचा असतो. तारकर्ली-मालवणला ज्यांचा होमस्टे आहे, त्यांना हे सांगायला नको.
- वेळ : अंदमान मुंबईच्या बरंच पूर्वेला, पण घड्याळ एकच. म्हणून हिवाळ्यात तिथे पाच-सव्वापाचलाच सूर्य बुडतो. राधानगरची गर्दी सूर्यास्त बघायला येते आणि अंधार पडला की पांगते. तिथल्या टपरीवाल्याचा "पीक अवर" घड्याळ नाही, सूर्य ठरवतो.
- भरती-ओहोटी : शेजारच्या नील बेटावरचा दगडी नैसर्गिक पूल बघायचा तर ओहोटीलाच. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणून गाइड आधी ओहोटीची वेळ बघतो, मग तुम्हाला वेळ देतो.
- नेटवर्क : चेन्नई ते अंदमान समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी इंटरनेटची मदार मुख्यतः उपग्रहावर होती. अशा जागी "ऑनलाइन पेमेंट होत नाहीये" हे रडगाणं नसतं. सुट्टे पैसे तयार असतात.

म्हणजे तो धंदा सोपा नाहीये. अडचण कुठून येणार हे त्यांनी आधीच ओळखून ठेवलंय, म्हणून आपल्याला तो निवांत *दिसतो*. हा फरक लक्षात ठेवा.

ज्यांनी अजून धंदा सुरू केला नाही, त्यांच्यासाठी इथेच एक नियम : कुठलाही धंदा आवडला तर तो त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात जाऊन बघा. चांगल्या महिन्यात सगळेच धंदे छान दिसतात.

आता पहिला विचार : "उद्यापासून परत तेच"

बेटावरचा प्रश्न "बोट आली नाही तर?" तुमचा प्रश्न : "मालक आला नाही तर?"

सुट्टीत हा पेपर आपोआप सोडवला गेलेला असतो. फक्त तपासायचा बाकी आहे. मोबाइल उघडा आणि सहा दिवसांत दुकानातून आलेले फोन आणि मेसेज बघा. प्रत्येकासमोर एक शब्द लिहा :

१. भाव : "दादा, याला किती कमी करू?" असे फोन जास्त असतील, तर भाव तुमच्या डोक्यात आहेत, कागदावर नाहीत. उपाय : दरपत्रक, आणि त्यापुढे जास्तीत जास्त किती सूट द्यायची तो आकडा.

२. माहिती : "ती चावी कुठेय? देशपांडे काकूंची ऑर्डर कधीची?" उपाय : एक वही. ऑर्डर, तारीख, अॅडव्हान्स, फोन नंबर. वही काउंटरवर ठेवायची, तुमच्या बॅगेत नाही.

३. पैसा : "टेम्पोवाल्याला द्यायचेत, काय करू?" उपाय : मदतनिसाला न विचारता खर्च करायची मर्यादा ठरवून द्या. ५०० द्या, १,००० द्या, पण आकडा ठरवा. आणि पावती घ्यायला सांगा.

आणि एकही फोन आला नसेल तर? लगेच खूश होऊ नका. एक तर तुमची व्यवस्था उत्तम आहे, नाहीतर दुकान बंद होतं!

दुकान बंद ठेवण्याचा हिशोब

उदाहरण म्हणून आकडे घेऊ. रोजची विक्री ६,००० रुपये, त्यात नफा २५ टक्के, म्हणजे १,५०० रुपये. दुकानाचं भाडं महिन्याला १५,०००, म्हणजे सहा दिवसांचं ३,०००. मदतनिसाचा पगार दिवसाला ५०० धरला तर सहा दिवसांचे ३,०००. एकूण खर्च ६,०००.

- दुकान बंद ठेवलं : नफा शून्य, खर्च चालूच. खिशातून ६,००० गेले.
- मदतनिसाने ६० टक्केच विक्री केली : सहा दिवसांत २१,६०० ची विक्री, ५,४०० नफा. खिशातून गेले फक्त ६००.

बघा, मदतनीस तुमच्याइतका हुशार असायची गरजच नाही. साठ टक्के हुशार असला तरी दुकान स्वतःचा खर्च जवळजवळ काढतं. "माझ्यासारखं कोणी करूच शकत नाही" म्हणून जे मालक शटर ओढून जातात, त्यांनी हा हिशोब स्वतःचे आकडे घालून करावा.

हे सगळं सुट्टीपुरतं नाहीये

सुट्टी सांगून येते. तिकीट दोन महिने आधी काढतो, गिऱ्हाइकांना कळवतो. डेंग्यू सांगून येत नाही. आईला अचानक हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं तर कोणी तारीख विचारत नाही. त्या दिवशी आईजवळ बसायचं की गल्ल्यावर, हा प्रश्न मालकापुढे येऊ नये, यासाठी ही वही आणि हे दरपत्रक. आत्ताची सुट्टी ही त्या दिवसाची रंगीत तालीम होती असं समजा. तालमीत चुकलं तर काही बिघडत नाही.

आणि अजून एक. ज्या धंद्याला मालक आठ दिवस सोडू शकत नाही, तो धंदा म्हणजे रजा नसलेली नोकरी. तुम्ही नोकरी सोडून यासाठीच आला होतात का?

गृहपाठ

१. परतीच्या प्रवासात फोनची यादी तपासा. भाव, माहिती, पैसा, कुठला शब्द जास्त वेळा आला ते मोजा.

२. घरी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात फक्त त्या *एकाच* गोष्टीचा बंदोबस्त करा. तिन्ही एकदम करायला गेलात तर एकही होणार नाही.

३. तुमच्या धंद्याचा "पावसाळा" कुठला महिना, ते लिहा. त्याच्यासाठी चांगल्या महिन्यात दर आठवड्याला किती रक्कम बाजूला टाकणार, तोही आकडा लिहा.

४. पुढच्या महिन्यात एक साधा, कमी गर्दीचा दिवस निवडा. सकाळी १० ते दुपारी २ फोन बंद. शहरातच राहा, पण दुकानात जायचं नाही. दुपारी जाऊन बघा काय अडलं, आणि जे अडलं ते वहीत लिहा.

चार तास जमले की एक दिवस. एक दिवस जमला की तीन. पुढच्या वर्षीच्या सुट्टीचं तिकीट काढायच्या आधी एवढी तयारी झालेली असू दे.