म्हाइंभटांचा शोधु आणि आपल्या घरच्या पोथ्या

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर भक्तपरिवार ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आला. तेथे वाजेश्वरीत श्रीभटोबास एकांती स्वामींच्या लीळांचे मनन करीत. ते पाहून या लीळा ग्रंथरूपाने राहाव्यात अशी आर्ति म्हाइंभटांस उपजली. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपास, लीळाचरित्र सिद्ध झाले, हे सर्वश्रुतच आहे. ते कसे सिद्ध झाले याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो.

म्हाइंभट शास्त्रसंपन्न पंडित होते. संस्कृतात घरबसल्या चरित्र रचणे त्यांस अवघड नव्हते. पण ज्या भक्तास जी लीळा घडली त्याच्याकडे जाऊन, त्याच्याच मुखीची ती ऐकून, ते लिहून घेत आणि मग ती भटोबासांपुढे ठेवून निश्चित करीत. सांगणारा पंडित की अडाणी, स्त्री की पुरुष, हा भेद त्यांनी केला नाही. ज्याचा त्याचा बोल राहू दिला. म्हणूनच सातशे वर्षांनंतरही त्या लहान लहान वाक्यांतून बाइसांचा स्वर वेगळा आणि भटोबासांचा वेगळा ओळखू येतो. लेखन शिकू इच्छिणाऱ्याने आधी ऐकण्यास शिकावे, ते असे.

परंपरा सांगते की पुढे यवनांच्या स्वारीत मूळ पोथी हरपली आणि ज्यांस ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली. त्यातूनच हिराइसा, रामेश्वरबास, परशरामबास यांच्या नावांचे पाठ निर्माण झाले. पोथीत मध्येच ‘वासना’ किंवा ‘शोधु’ हे शब्द येतात आणि नवखा वाचक अडखळतो. येथे वासना म्हणजे इच्छा नव्हे. अमक्याच्या स्मरणात हा प्रसंग असा आहे, एवढाच तिचा अर्थ. दोन स्मरणे जुळली नाहीत तर आपल्या पूर्वाचार्यांनी एक पुसून दुसरे ठेवले नाही, दोन्ही नावांनिशी नोंदविली. आजच्या पाठचिकित्सेचे शास्त्र याहून फार निराळे काही सांगत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील उपदेशी कुटुंबांतून आजही वस्त्रात बांधलेल्या पोथ्या देवघरात असतात. त्यांस विडा-फूल होते, पण गाठ सुटत नाही. कसर आपले काम करीत राहते, आणि जीर्ण झाली म्हणून एखादी पोथी नदीत सोडण्याचाही विचार होतो. तसे कृपया करू नये. सकळ लिपीतील पोथी असेल तर ती ‘कोणास वाचता येत नाही’ म्हणून टाकाऊ ठरत नाही. अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेल्या त्या लिपीची उकल इतिहासाचार्य राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच जगापुढे मांडली आहे.

पोथी वाचावयाची ती सावकाश. शब्द तोडून लिहिलेले नसतात. ओळ मोठ्याने म्हणावी, म्हणजे शब्द आपोआप सुटे होतात. समासातील बारीक अक्षरे ही बहुधा गळलेल्या मजकुराची भर असते, आणि ती कोठे घालावयाची हे काकपदाच्या खुणेवरून कळते. पिवळा लेप दिसला तर तो डाग समजू नये. चुकलेले अक्षर झाकण्यास लेखक हरताळ लावीत. (‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला.) शेवटच्या पानावर शक, गाव व लेखकाचे नाव असल्यास ते प्रथम उतरून घ्यावे.

नक्कल करताना जुने रूप अशुद्ध वाटले तरी ‘सुधारू’ नये. ‘म्हणितलें’ चे ‘म्हटले’ करणारा हात उपकार करीत नाही. शंका समासात लिहावी, आपल्या नावासह. मूळ ओळ जशी आहे तशी उतरावी. ऋद्धिपुरी २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. पण विद्यापीठाच्या अभ्यासकास पोथी दाखवावयाची की पेटीत ठेवावयाची, हे घरच्या माणसांनीच ठरवावयाचे आहे. निदान येत्या चातुर्मासात आपल्या गावी किती पोथ्या आहेत, कोणत्या लिपीत आहेत आणि त्यांची पाने किती, एवढी यादी प्रत्येक आश्रमाने करावी.