आघात तरंग मोजणारा काचतंतू

दर सेकंदास 20,000 हून अधिक कंपने असणारा ध्वनी मनुष्याला ऐकू येत नाही. त्यास श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. तो टिपण्याचे रूढ साधन म्हणजे दाबविद्युत् स्फटिक होय. क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकावर दाब पडला असता त्याच्या पृष्ठभागांवर विद्युत्भार उत्पन्न होतो, हे पिएर व झाक क्यूरी या बंधूंनी 1880 मध्ये दाखवून दिले. पाण्यातील ध्वनी मोजणारे हायड्रोफोन दीर्घकाळ याच तत्त्वावर बनविले गेले.

1980 मध्ये म्यूनिक येथे वैद्यकात एक नवे पर्व सुरू झाले. पाण्याखालील विद्युत् ठिणगीने निर्माण केलेले आघात तरंग केंद्रित करून, शस्त्रक्रियेवाचून, रुग्णाच्या मूत्रपिंडातील खडा फोडण्यात आला. अशा तरंगाच्या केंद्रस्थानी दाब क्षणार्धात शेकडो वातावरणांइतका चढतो आणि लगेच शून्याखाली उतरून पाण्यावर ताण पडतो. या ताणाने सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होतात. ते कोसळताना खड्यास फोडतात, तशीच निरोगी ऊतींनाही इजा करू शकतात. म्हणून दाब व ताण या दोहोंचे अचूक मापन अगत्याचे ठरते. परंतु तेच बुडबुडे हायड्रोफोनचा नाजूक पृष्ठभागही निकामी करीत.

जर्मनीतील श्टुटगार्ट येथील श्टाउडेनराउस व आयझेनमेंगर यांनी 1993 मध्ये यावर प्रकाशतंतूचा उपाय प्रसिद्ध केला. त्याची रचना साधी आहे. केसासारख्या बारीक काचतंतूचे टोक सरळ कापून पाण्यात बुडवितात व दुसऱ्या टोकातून लेसर किरण सोडतात. काचेचा वक्रीभवनांक सुमारे 1.46, तर पाण्याचा 1.33 असतो. या फरकामुळे काच व पाणी यांच्या सीमेवरून सुमारे 0.2 टक्के प्रकाश मागे परततो. दाब वाढला की पाणी किंचित दाट होते, त्याचा वक्रीभवनांक काचेच्या वक्रीभवनांकाजवळ सरकतो आणि परतणारा प्रकाश कमी होतो. ताण पडला की तो वाढतो. या चढउतारावरून दाबाचा आलेख मिळतो.

या संवेदकाचे तीन गुण सांगता येतील. पाणी काचेस घट्ट चिकटत असल्याने ताणही विश्वसनीयपणे मोजता येतो. तंतूत विद्युत्‌प्रवाह नसल्याने ठिणगीचा त्याला उपद्रव होत नाही. टोक खराब झालेच, तर तेवढा भाग कापून टाकून तंतू पुन्हा वापरता येतो.

मात्र क्षीण ध्वनीस तो पुरेसा संवेदनशील नाही. त्यासाठी तंतूच्या टोकावर पातळ पारदर्शक पटल बसवितात. ध्वनीमुळे पटलाची जाडी बदलते आणि त्याच्या दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या किरणांच्या व्यतिकरणातून तो सूक्ष्म बदल ओळखता येतो. मोजावयाचा ध्वनी प्रबळ आहे की क्षीण, हे पाहूनच संवेदक निवडणे इष्ट होय.