कामावर परत जाणाऱ्या भाचीला

सोमवारी रुजू व्हायचं म्हणतेस. बाळंतपणाआधी पाच आठवडे घरी बसलीस, म्हणून रजेच्या २६ आठवड्यांतले २१ हाती राहिले आणि बाळाचं उष्टावण व्हायच्या आतच कंपनीचा फोन आला. माझ्या वेळी सगळे मिळून १२च आठवडे होते. २६ झाले ते २०१७ साली. तिसऱ्या लेकराला मात्र अजूनही १२च.

बारामतीच्या एमआयडीसीत चोवीस वर्षं टाइम ऑफिसात बसले मी. मस्टर माझ्या हाताखालून जायचं. बाळंतपणाहून आलेली बाई पहिल्या आठवड्यात काय बोलते आणि कशावर सही करते, त्यावर तिची पुढची पाच वर्षं ठरायची. म्हणून आधी सहीचंच सांगते.

कोणी गोड बोलून म्हणेल, "ताई, आता राजीनामा लिहून द्या, बाळ जरा मोठं झालं की नव्याने घेतो." आमच्याकडे अशा पाच-सहा पोरींनी लिहून दिलं. दोघीच परत आल्या, त्याही नव्या टोकन नंबरावर आणि नव्या पगारावर. ग्रॅच्युइटीची जुनी वर्षं पाण्यात गेली. मीच ते कागद फायलीला लावले, म्हणून आज तुला इतकं बजावतेय. प्रसूतीच्या रजेत कामावरून काढता येत नाही, रजेच्या काळात नोकरीच्या अटी तुझ्या तोट्याच्या करता येत नाहीत. १९६१च्या कायद्यात हे होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा ज्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला तिच्यातही आहे. पण तुझ्या हातचा राजीनामा समोर आला की कायदा काय करणार? तो तर तूच दिलेला असतो.

रुजू होण्याचा अर्ज दोन प्रतींत ने. "अमुक तारखेपासून प्रसूती रजेवर होते, आज पूर्वीच्याच विभागात रुजू होत आहे", एवढं पुरे. एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घे. खिडकीवरचा माणूस शिक्का देत नाही म्हणाला तर भांडत बसू नकोस, पोस्टात जा आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठव. अर्जात "कृपया सामावून घ्यावे" असलं काही लिहायचं नाही. तू नोकरी मागायला चाललेली नाहीस, नोकरी तुझीच आहे.

तू ठेकेदाराकडून लागलीस, म्हणून आणखी एक. रजेच्या सहा महिन्यांत ठेकेदार बदलतो आणि नव्याच्या यादीत बाळंतिणीचं नाव नसतं. हे आपल्याकडे फार चालतं. तेव्हा जुनं ओळखपत्र, पगाराच्या पावत्या आणि ईएसआयचा नंबर एका पिशवीत ठेव. मस्टरवरच्या रोजंदारी बायकांनाही हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितलंय. २०२३ साली एका डॉक्टर बाईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं, की कराराची मुदत संपली तरी प्रसूतीचा लाभ थांबत नाही.

रजेच्या पैशांचं तुझं ईएसआयकडे आहे. पगार २१ हजारांच्या आत, म्हणून दरमहा पाऊण टक्का तुझा कापला जातो आणि सव्वातीन टक्के मालक भरतो. त्यातले काही दिवस अडकले असतील तर सुपरवायझरच्या मागे फिरू नकोस, ईएसआयच्या शाखेत जा. बाळंतपणामुळे आजारपण आलं तर डॉक्टरच्या दाखल्यावर आणखी एक महिना मिळतो. तुझी कंबर अजून धरते म्हणालीस. दाखला घ्यायचा असेल तर सोमवारच्या आत घे, रुजू झाल्यावर नको. पगारी प्रसूती रजेचे दिवस बोनसच्या हिशेबात कामाचे धरतात, तेही दिवाळीला तपासून बघ.

आता पाळणाघर. इथे बायकांना हमखास फसवतात. "आपल्याकडे तेवढ्या बायका नाहीत" असं उत्तर मिळतं. जुन्या फॅक्टरी कायद्यात ३० बायकांची अट होती, ती अजून साहेबांच्या डोक्यातून जात नाही. प्रसूतीच्या कायद्यात २०१७ साली ५० कामगारांची अट आली आणि आता संहितेतही तीच आहे, बाई-पुरुष मिळून! पाळणाघर असेल तर दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीखेरीज, पाजण्यासाठी दोन सुट्ट्या आहेत आणि त्यांचा पगार कापता येत नाही.

पण तुझं बाळ राहणार इंदापुरात आजीपाशी आणि तू बारामतीत. पाजायच्या सुट्टीत कुठे जाणार? त्या वेळात दूध काढायचं. आमच्या पोरी साडीच्या पदराआड मोरीत उभ्या राहून दूध पिळून फेकायच्या, छाती दगड व्हायची म्हणून. तू फेकू नकोस. उकळून घेतलेल्या झाकणाच्या डब्यात काढ. बाहेर ते चार तास टिकतं, आपल्या उन्हाळ्यात तेवढाही भरवसा धरू नकोस. बर्फाच्या पिशवीत ठेव आणि घरी गेल्यावर फ्रीजमध्ये. मोरीत मात्र उभी राहू नकोस, कडी लागणारी खोली माग. आणि हो, संध्याकाळी ७ नंतर किंवा सकाळी ६ च्या आत काम लावायचं तर तुझी संमती लागते. पाळीचा तक्ता नुसता भिंतीवर लागला म्हणजे संमती झाली नाही.

हे सगळं आलं कुठून, तर आपल्याच मुंबई इलाख्यातून. १९२८ साली आसवले नावाच्या सभासदाने कौन्सिलात बिल आणलं, बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ साली गिरणीतल्या बायकांसाठी कायदा झाला. त्याला शंभर वर्षं होत आली. तरी भवानीनगरच्या, माळेगावच्या रस्त्याला हंगामात बघ. उसाच्या फडाच्या कडेला झोळीत बाळ आणि आई मोळ्या बांधतेय. तिचं नाव मस्टरवर नाही, मुकादमाच्या वहीत जोडीचा कोयता म्हणून आहे. तिला कोणती रजा आणि कोणतं पाळणाघर? तुझं नाव निदान कागदावर आहे, बाई. तो कागद जप.

तक्रार करायची वेळ आलीच तर पुण्याचं कामगार उपायुक्तांचं कार्यालय आहे. पण एकटी जाऊ नकोस. तुझ्या लाइनवरच्या आणखी दोघी पोटुशी आहेत म्हणालीस, त्यांना बरोबर घे. त्यांचीही वेळ येणारच आहे.

अर्ज लिहून ठेव, रविवारी मी येतेय. सही करायच्या आधी मला वाचून दाखव. उष्टावणाला चांदीची वाटी माझ्याकडून, तू आणू नकोस.