झाडाची गाठ आणि जिवाणूची युक्ती

अंगणातील तुळशीचा शेंडा खुडला, की थोड्याच दिवसांत तिला बाजूने फांद्या फुटतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. शेंड्यात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होऊन खाली वाहत असते. पानांच्या बगलेतील कळ्या दबून राहतात, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण. खुडलेल्या टोकावर ऑक्झिनचे मलम लावले, तर कळ्या बहुधा पुन्हा दबतात.

वनस्पतींतील प्रमुख ऑक्झिन म्हणजे इंडोल अ‍ॅसेटिक आम्ल. झाडात ते इतके अल्प असते, की १९३४ साली हॉलंडमधील उट्रेख्ट येथे कॉगल व त्याच्या सहकाऱ्यांनी ते वेगळे केले, ते झाडातून नव्हे, तर चक्क मानवी मूत्रातून!

हे आम्ल बनते कसे? कच्चा माल ट्रिप्टोफॅन हे अ‍ॅमिनो आम्ल. आपल्याला ते अन्नातून मिळवावे लागते, झाड मात्र ते स्वतः तयार करते. वनस्पतीतील एक विकर ट्रिप्टोफॅनचा अ‍ॅमिनो गट काढून इंडोल पायरुव्हिक आम्ल बनवते. दुसरे विकर त्यातील एक कार्बन अणू कार्बन डायॉक्साइडच्या रूपाने बाहेर टाकते, की ऑक्झिन तयार! पायऱ्या अवघ्या दोन. पण या मुख्य मार्गाची साखळी नीट जुळली ती २०११ साली.

जमिनीतील कित्येक जिवाणूही ऑक्झिन बनवतात. ज्वारीच्या बियाण्याला चोळतात त्या जिवाणू खतातील अ‍ॅझोस्पिरिलम त्यांपैकीच एक. त्याच्या ऑक्झिनमुळे मुळांवरील केश वाढतात. मूळ अधिक पाणी व क्षार शोषते, आणि मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यांवर जिवाणू जगतो. व्यवहार दोघांनाही परवडणारा.

अ‍ॅग्रोबॅक्टेरियम मात्र वेगळ्याच जातीचा. खोडाला जखम झाली, की हा तेथून आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो. त्यात ऑक्झिन बनवणाऱ्या दोन विकरांची जनुके असतात. त्यांचा मार्ग निराळा: ट्रिप्टोफॅनपासून इंडोल अ‍ॅसेटामाइड आणि त्यापासून ऑक्झिन. झाडाचा आपल्या कारखान्यावर असतो तसा लगाम या परक्या कारखान्यावर चालत नाही. त्याच तुकड्यातील आणखी एका जनुकामुळे सायटोकायनिन हे पेशीविभाजन घडवणारे संप्रेरकही तयार होते. मग पेशी भराभर वाढून खोडावर गाठ येते. ही गाठ जिवाणूमुळे होते, हे स्मिथ व टाउनसेंड यांनी १९०७ साली दाखविले होते. पण जिवाणू मारून टाकले तरी गाठ वाढतच राहते, याचे कोडे उरलेच होते. ते उलगडले १९७७ साली, गाठीच्या पेशींत जिवाणूचा डीएनए सापडला तेव्हा.

जिवाणूला यातून काय मिळते? त्या तुकड्यातील इतर जनुके गाठीकडून ओपाइन नावाची संयुगे बनवून घेतात, आणि ती पचवण्याची सोय या जिवाणूने स्वतःपाशी ठेवलेली असते. शास्त्रज्ञांनी पुढे संप्रेरकांची जनुके काढून त्या जागी हवे ते जनुक बसवले. तुकडा पेशीत जातो, गाठ मात्र येत नाही.