टोपलीतला नाग दूध का पितो?

नागपंचमीला गारुडी दारी आला की आपण दुधाची वाटी पुढे करतो. पण साप भक्ष्य ओळखतो वासाने. जिभेने टिपलेले गंधकण तो टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे नेतो. वास अनोळखी असेल, तर तो समोरच्या उंदरालाही शिवत नाही. आठवडेच्या आठवडे उपाशी राहतो. नागराजाचे मुख्य अन्न म्हणजे दुसरे साप. म्हणून पिंजऱ्यातल्या नागराजाला उंदराची सवय लावताना उंदरावर सापाचा वास चोळतात आणि पुढे तो कमी करत नेतात.

दूध मात्र सापाचे अन्नच नव्हे. टोपलीतला नाग ते पितो, कारण त्याला कित्येक दिवस पाणी दिलेले नसते! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणे, बाळगणे गुन्हा आहे. नालछ्यात अशी टोपली दिसल्यास पालकांनी वनविभागाला कळवावे, ही आमची विनंती.