घरखर्चाचें कर्ज व अडीअडचणीची शिल्लक

शेतकऱ्याच्या कर्जाविषयीं जें लिहिलें जातें, त्यांत बियाणें, खत, बैल व विहीर यांसाठीं काढलेल्या कर्जाचाच विचार बहुधा असतो. परंतु दाभोळ व आसपासच्या गांवीं घराला जें कर्ज आंतून पोखरतें, तें पुष्कळदां शेतीचें नसतें. तें आजारपणाचें, लग्नाचें, किंवा पावसांत बसलेल्या भिंतीचें असतें. केंद्र सरकारच्या 2019 सालच्या पाहणींत देशांतील शेतकरी कुटुंबांपैकीं शेंकडा 50.2 कुटुंबें कर्जदार आढळलीं. दर कुटुंबामागें सरासरी कर्ज 74,121 रुपये होतें. एकूण कर्जापैकीं शेतीच्या कामासाठीं घेतलेलें शेंकडा 57.5 इतकेंच होतें, आणि शेंकडा 20.5 हें धंदेवाईक सावकारांचें होतें.

आपल्याकडे हें कर्ज कोणत्या महिन्यांत जन्मास येतें, तें पाहावें. भात दिवाळीच्या सुमारास घरांत येतें, पण तें बहुतेक घरींच खर्चीं पडतें. रोकड मिळते ती काजू व आंब्याची, फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. त्यानंतर ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत आवक नाहीं आणि खर्च मात्र एकावर एक उभे : मुलांची शाळा, लावणीची मजुरी, पावसाळी ताप, व शेवटीं गणपति. शेजारच्या कोळीबांधवांकडे हातउसने मागावे, तर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्यांचाही हात त्याच वेळीं आंखडलेला. राहिला आधार मुंबईच्या चाकरमान्याचा.

हे आधार एकाच वेळीं कसे तुटतात, हें 2020 सालानें दाखविलें. त्या वर्षीं 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. आंबा ऐन हंगामांत असतां बाजाराची वाट अडली, आणि मुंबईंतील अनेकांचे पगार थांबले. पुढें 3 जून रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें व दापोली, मंडणगड भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. सरकारनें फळबागांस हेक्टरीं 50,000 रुपये मदत जाहीर केली. पण हेक्टरास साधारण शंभर गुंठे धरले, तर हा हिशेब गुंठ्यास 500 रुपयांचा होतो. दहा गुंठ्यांच्या पोफळबागेच्या धन्यास 5,000 रुपये ! नवी पोफळ धरावयास पांच-सात वर्षें लागतात. मदतीस नांवें ठेवण्याचा येथें हेतु नाहीं. ती घराच्या शिल्लकेची जागा घेऊं शकत नाहीं, इतकेंच दाखवावयाचें आहे.

कायद्याविषयींही हेंच म्हणतां येतें. पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें मे 1875 मध्यें रयतेनें सावकारांचे रोखे जाळले, आणि 1879 च्या कायद्यानें रोख्यामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस मिळाला. उपकार मोठा खरा, परंतु तो कर्ज झाल्यानंतरचा. 2008, 2017 व 2019 सालच्या कर्जमाफ्या बँका व सोसायट्यांच्या शेतीकर्जापुरत्या होत्या. दवाखान्यासाठीं काढलेल्या हातउचलेस त्यांत जागा नव्हती.

आतां व्याजाचा हिशेब करूं. समजा, एका गृहस्थानें आषाढांत आजारपणासाठीं 40,000 रुपये दरमहा शेंकडा 3 या दरानें घेतले व वैशाखांत, दहा महिन्यांनीं, फेडले. व्याज 12,000 रुपये झालें. हाच पैसा वार्षिक शेंकडा 12 दरानें सोनें तारण ठेवून घेतला असतां व्याज 4,000 होतें. येथें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखालीं शेतकऱ्यास द्यावयाच्या कर्जावर परवानाधारक सावकारास तारणी कर्जास वार्षिक 9 व बिनतारणी कर्जास 12 याहून अधिक दर लावतां येत नाहीं. म्हणजे महिन्याचे शेंकडा तीन मागणारा मनुष्य कायद्याबाहेर आहे. तरीही लोक त्याच्याच दारीं जातात, कारण तो रात्रीं दहा वाजतांही पैसे देतो.

वाशीच्या दलालाकडून घेतलेल्या उचलेवर पुष्कळदां व्याज लिहिलेलें नसतें, म्हणून ती फुकट वाटते. परंतु उचल घेतली कीं माल त्याच्याच गाळ्यावर गेला पाहिजे, आणि भाव पटला नाहीं तरी पेटी दुसरीकडे नेण्याची सोय उरत नाहीं. मोहोरावरच बाग खंडानें देणाऱ्याची गतही अशीच. हें न लिहिलेलें व्याज लिहिलेल्यापेक्षां जड, असें आमचें मत आहे.

मग शिल्लक किती असावी ? ज्याचा घरखर्च महिन्यास 12,000 आहे, त्यानें पावसाळ्याच्या चार महिन्यांचे 48,000 ही पहिली मर्यादा समजावी. ती एका वर्षांत साधणार नाहीं. हापूस एक वर्ष भरून येतो व दुसऱ्या वर्षीं हात आंखडतो, हें सर्वांस ठाऊक आहे. म्हणून भरल्या वर्षाची कमाई दोन वर्षांची समजून चालावें. भरल्या वर्षीं खर्च वजा जातां 1,60,000 हातीं आले, तर त्यांतील पांचवा हिस्सा, म्हणजे 32,000, पट्टी मिळतांच वेगळा काढावा. पुढच्या वर्षीं 80,000 च आले तरी त्याच हिशेबानें 16,000 पडतात व 48,000 पुरे होतात. गणपतीनंतर उरेल तें ठेवूं असें म्हणणाऱ्याकडे कांहींच उरत नाहीं.

ही रक्कम पोस्टांत किंवा बँकेंत, शेतीच्या खात्याहून निराळ्या खात्यांत, शक्य तर घरच्या बाईच्या नांवें असावी. बँकेंतील ठेवीस दर ठेवीदारामागें 5 लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं. शेंकड्यास एक-दीड अधिक मिळतो म्हणून अडचणीचा पैसा तेथें गुंतवूं नये. सोनें मोडावयास जड वाटतें, पण तारणास उपयोगी पडतें. तेवढ्यापुरतें तें चांगलें.

ज्यांच्यावर आजच कर्ज आहे, त्यांनीं शिल्लक व फेड यांची सांगड घालावी. प्रथम 10,000 बाजूस पडूं द्यावे, नंतर सर्वांत चढ्या दराचें देणें आधीं मिटवावें. सोसायटीचें पीककर्ज मात्र मुदतींतच भरावें, कारण मुदतींत भरल्यास 3 लाखांपर्यंत व्याजाची सवलत मिळते. मुदत चुकली कीं ती जाते. फेड झाल्यावर बेबाकीचा दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यावा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा कमी झाल्याची फेरफार नोंद स्वतः वाचून पाहावी. फिटलेल्या कर्जाचा बोजा कागदावर वर्षानुवर्षें तसाच राहिलेला आढळतो, आणि नवें कर्ज काढावयाच्या दिवशींच तो मालकाच्या नजरेस येतो.