इंडेंट : एका शब्दाच्या खाचाखोचा

पहिल्या वर्षाची गोष्ट. फिटिंग शॉपमध्ये सर म्हणाले, "फ्लॅटला इथे खाच पाड." मी पडलो कॉन्व्हेंटवाला! खाच म्हणजे काय ते कळेना आणि विचारायची लाज. नुसती कड कानशीने घासत बसलो. जॉब रिजेक्ट. नवा तुकडा मागायला गेलो तर स्टोअरचे काका म्हणाले, "आधी इंडेंट भरून आण." आता आली का पंचाईत? मला इंडेंट म्हणजे परिच्छेदाची पहिली ओळ आत सरकवणे, एवढंच माहीत. काका हसून म्हणाले, "अरे बाळा, मालाचं मागणीपत्र!" मराठी तर गेलीच, इंग्रजीही गेली. त्या रात्री होस्टेलवर डिक्शनरी उघडली.

लॅटिनमध्ये 'डेन्स' म्हणजे दात. त्यावरून इंडेंट म्हणजे दात्यांसारख्या खाचा पाडणे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये करार एकाच चर्मपत्रावर दोनदा लिहून मधोमध वेडावाकडा कापत. दोन तुकड्यांचे दाते जुळले की करार खरा! हाच 'इंडेन्चर'. काकांचं मागणीपत्रही याच घराण्यातलं.

पण हा शब्द माणसांनाही चावला. 1834 पासून हजारो भारतीय मजूर अशा करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले. त्यांत मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. 'ॲग्रीमेंट'चं मजुरांच्या तोंडी झालं 'गिरमिट'. (सुतारशाळेतलं भोक पाडायचं गिरमिट वेगळं बरं का!)

आता समानार्थी शब्द, व्हायव्हासाठी उपयोगी :

नॉच – खाच. चार्पी टेस्टच्या नमुन्यावरची व्ही-नॉच 45 अंशांची, 2 मि.मी. खोल.
निक – कडेवरचा बारीक छेद.
ग्रूव्ह – लांब खोबण.
सेरेशन – करवतीसारखे दाते.
स्कोअर – मोजणीची खाच. दर विसाला एक खाच, म्हणून स्कोअर म्हणजे वीसही. क्रिकेटच्या धावासुद्धा पूर्वी काठीवर खाचा पाडून मोजत!

एक सावधगिरी : ब्रिनेल टेस्टमधलं इंडेंटेशन म्हणजे खाच नव्हे, गोळी दाबून पडलेला खळगा. तो इंडेंट 'डेंट'वरून आला, दातावरून नाही.

परवा वर्कशॉपमध्ये एक ज्युनिअर फ्लॅट हातात धरून गप्प उभा होता. मी ओळखलं. जवळ जाऊन खडूने खूण करून दाखवली आणि म्हटलं, "याला खाच म्हणतात. मलाही माहीत नव्हतं." तो हसला आणि कामाला लागला. मला हे कोणी सांगितलं असतं, तर एक जॉब वाचला असता!